घंटा वाजल्या, पण घुबड कुठे होतं?

(स्पॉयलर : 'गेम ऑफ थ्रोन्स' शेवटपर्यंत पाहिली नसेल तर इथेच थांबा, पाहून झाल्यावर या.)

शेवटचा भाग आला १९ मे २०१९ ला, आपल्याकडे २० तारखेच्या सोमवारी सकाळी साडेसहाला. इतकी वर्षं झाली, तरी ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावरून सुटणाऱ्या वाशी गाडीत दोन फॅन शेजारी बसले की ऐरोली यायच्या आत विषय डनेरिसवर, शरण आलेली राजधानी ड्रॅगनने जाळणाऱ्या राणीवर, येतो आणि तुर्भ्यापर्यंत आवाज चढलेले असतात. भांडण व्हायलाच हवं, त्याशिवाय मालिका जिवंत राहत नाही. पण भांडण त्याच दोन वाक्यांवर अडकलंय. एक बाजू : "ती पहिल्यापासून तशीच होती, तुम्ही नीट बघितलं नाहीत." दुसरी बाजू : "शेवटी घाईघाईत गुंडाळलं." दोघांकडे पुरावे आहेत, आणि दोघंही एक गोष्ट गाळतात. त्या गोष्टीवर आज सविस्तर लिहितेय.

संकेत वेगळा आणि कारण वेगळं. संकेत प्रेक्षकासाठी असतो, कारण पात्रासाठी असतं. आधीच्या सीझनमध्ये दहा संकेत पेरले म्हणून अकराव्या वेळी पात्राने काहीही केलं तर चालतं, असं होत नाही. त्या क्षणी, त्या जागी, त्याला ते करावंसं का वाटलं हे दिसायला हवं.

सौप्तिक पर्व आठवा. अश्वत्थाम्याकडे रागाची कारणं कमी नव्हती. बापाला खोटी बातमी देऊन शस्त्र खाली ठेवायला लावलं आणि मारलं. दुर्योधन मांडी मोडून पडलाय. पण तेवढ्यावर व्यास त्याला उठवून छावणीत घुसवत नाहीत. रात्री तो वडाखाली बसतो, डोळ्याला डोळा लागत नाही. वर फांद्यांवर कावळे झोपलेत. एक घुबड येतं आणि झोपेतल्या कावळ्यांना मारत सुटतं. ते बघून त्याला वाट सापडते. मग तो कृपाचार्यांना उठवतो, ते अडवतात, रात्र जाऊ दे म्हणतात, हा ऐकत नाही आणि निघतो. राग आहे, समोर दृश्य आहे, विचार आहे, अडवणारा आहे, आणि मग निर्णय. झोपलेल्यांना कापून काढणं आपण माफ करत नाही, पण 'हा असं कसं करेल?' असंही कुणी विचारत नाही. त्या घुबडामुळे.

आता डनेरिसकडे या. 'पहिल्यापासून तशीच' वाल्यांची यादी खरी आहे. भावाच्या डोक्यावर वितळलेलं सोनं ओतलं जाताना ती शांतपणे बघते (सीझन १, भाग ६). १६३ गुलाम मुलांना खिळे ठोकून मारलं म्हणून मीरीन शहरातल्या १६३ गुलाम-मालकांना तसंच मारते (सीझन ४, भाग ४), आणि दोनच भागांनी त्यातल्या एका मालकाचा मुलगा हिझदार येऊन सांगतो की माझ्या बापाने त्या मुलांच्या हत्येला विरोध केला होता. शरण यायला नकार देणाऱ्या टार्ली बाप-लेकाला जाळते (सीझन ७, भाग ५). पण हीच यादी करताना लोक दुसरा रकाना भरतच नाहीत. अस्तापोर शहरात गुलामांच्या मालकांना मारा म्हणताना एकाही मुलाला हात लावू नका, हे ती त्याच हुकमात सांगते (सीझन ३, भाग ४). तिच्या ड्रोगॉन या ड्रॅगनने तीन वर्षांची मुलगी जाळली हे कळल्यावर उरलेल्या दोन ड्रॅगनना ती स्वतः भुयारात साखळ्या घालते (सीझन ४, भाग १०). ड्रॅगन म्हणजे तिची पोरं. एका अनोळखी मेंढपाळाच्या मुलीसाठी तिने त्यांना अंधारात कोंडलं. म्हणजे दोन्ही रकाने मिळून सूत्र असं निघतं : ती क्रूर आहे, पण जिने-ज्याने अपराध केला असं तिला वाटतं त्याच्याशी. निरपराध माणसाशी नाही.

हे सूत्र सीझन ८, भाग ५ मध्ये तुटतं. तुटायला हरकत नाही, माणसं तुटतातच. विश्वासू जोराह गेला, दोन ड्रॅगन गेले, सखी मिसांदेचं डोकं तिच्या डोळ्यांदेखत उडवलं, प्रियकर जॉन जवळ येईना, सल्लागार व्हेरिसने दगा दिला. प्रेम मिळत नसेल तर भीती चालेल, असं ती जॉनला सांगते. इथपर्यंत पक्कं आहे. पण मग नीट विचार करा : भीती हे साधन असेल, तर शरणागतीच्या घंटा वाजल्या तेव्हा ते साधन यशस्वी झालेलं आहे. शहर घाबरलंय, सैनिकांनी तलवारी टाकल्यात. म्हणजे तिचं आतापर्यंतचं कारण जिथे संपतं, बरोब्बर तिथेच जाळपोळ सुरू होते. ड्रोगॉन तटावर बसलाय, समोर रेड कीप हा राजवाडा दिसतोय, जिच्याशी लढाई आहे ती राणी सर्सी तिथेच आहे. ती उडते आणि आधी गल्ल्या पेटवते.

ते दृश्य एकदा आवाज बंद करून पाहा. घंटा, तिचा चेहरा, रेड कीप, पुन्हा तिचा चेहरा. श्वास जड होतोय, डोळे भरलेत. अभिनयात कसर नाही, एमिलिया क्लार्कने त्या चेहऱ्यात जमेल तेवढं सगळं भरलंय. आणि उड्डाण झाल्यावर कॅमेरा तिला सोडून खाली रस्त्यावर अडकलेल्या आर्या स्टार्कजवळ जातो. जळणाऱ्यांच्या बाजूने ही बरोबर निवड आहे, अंगावर काटा येतो. पण जाळणाऱ्या बाईचा निर्णय आपल्याला दिसतच नाही. राग आहे, दृश्य आहे. घुबड नाही.

आता सगळ्यात बळकट प्रतिवाद, तो टाळायचा नाही. लढाईआधी तिचा सल्लागार टिरियन लोकांसाठी गयावया करतो, तेव्हा ती म्हणते की पुढच्या पिढ्या कुणा जुलमी माणसाच्या ओलीस राहणार नाहीत, हीच आपली दया. आणि शेवटच्या भागात जॉनला सांगते की सर्सीने लोकांचा निरपराधपणा माझ्याविरुद्ध शस्त्र म्हणून वापरला. मी तर म्हणते हेच घुबड! सर्सी मुद्दाम किल्ल्याचे दरवाजे उघडे ठेवून माणसं आत भरते, हे भाग ४ मध्ये आहे. फक्त मालिकेने सुटे भाग तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग कृत्यानंतर दिला. तटावर बसलेल्या तिला खालच्या गर्दीचा सर्सीशी संबंध जोडताना एकदा दाखवलं असतं, तरी सूत्र तुटल्याचं आपल्या डोळ्यांसमोर घडलं असतं. म्हणून 'गुंडाळलं' हा शब्दही मला पुरेसा वाटत नाही. शेवटचे दोन सीझन ७ आणि ६ भागांचे, आधीचे सगळे १० चे, हे खरं. पण इथे कमी पडला तो वेळ नाही, क्रम कमी पडला.

क्रम जमला की काय होतं ते रेड वेडिंगमध्ये, लग्नाच्या मेजवानीत रॉब स्टार्कला दग्याने मारतात तिथे, बघा (सीझन ३, भाग ९). तो धक्का अचानक वाटतो, पण शेवटून मागे चालत गेलं तर एकही पायरी निसटलेली नाही. रॉब फ्रे घराण्याच्या दारात का गेला? कास्टर्ली रॉकवर चालून जायला माणसं हवी होती. माणसं का कमी पडली? आपल्याच सरदाराचं, कारस्टार्कचं, डोकं उडवल्यावर त्याचं सैन्य निघून गेलं, जवळपास निम्मी फौज. कारस्टार्क का बिथरला? त्याच्या मुलाला मारणाऱ्या कैदेतल्या जेमी लॅनिस्टरला रॉबच्या आईने, केटलिनने, सोडून दिलं. आणि फ्रे का चिडलेला? पूल ओलांडू देण्याच्या बदल्यात ठरलेलं लग्न (सीझन १, भाग ९) मोडून रॉबने टालिसाशी लग्न केलं. प्रत्येक चूक त्या माणसाच्या स्वभावातून आलीय, आणि बहुतेक चुका चांगुलपणातून. मारणाऱ्यांचे हेतूही तीन वेगळे : फ्रेला अपमान धुवायचाय, रॉबचाच सरदार रूस बोल्टनला उत्तरेचं राज्य हवंय, जेमीच्या बापाला, टायविनला, युद्ध स्वस्तात संपवायचंय.

आणि ती बाही. दार बंद होतं, वाजंत्री सूर बदलतात, केटलिन बोल्टनची बाही वर सरकवते, आत चिलखत. संवाद एकही नाही. ज्यांना हे दृश्य पाठ आहे त्यांनी दोन भाग मागे जावं : हॅरेनहॉलमधून निघताना जेमी बोल्टनला म्हणतो, रॉबला सांग लग्नाला येता आलं नाही, लॅनिस्टरांकडून शुभेच्छा. तो टोमणा मारून निघून जातो. बोल्टन तेच शब्द रॉबच्या छातीत सुरी घालताना वापरतो. जेमीला त्या कटाची कल्पनाही नाही. संकेत आपल्यासाठी, कारण बोल्टनचं स्वतःचं, आणि दोन्ही एकाच वाक्यात. याहून नेटकं काम मी या मालिकेत पाहिलेलं नाही.

लिटलफिंगर या कारस्थानी सरदारावर दोन ट्विस्ट आहेत आणि ते शेजारी ठेवण्यासारखे आहेत. सीझन ४, भाग ५ मध्ये केटलिनची बहीण लायसा त्याला बोलून जाते की माझ्या नवऱ्याला, जॉन अॅरिनला, विष मी घातलं, तुझ्या सांगण्यावरून, आणि केटलिनला लॅनिस्टरांवर आळ घेणारं पत्रही मीच लिहिलं. ते पत्र पहिल्याच भागातलं! ३४ भाग आपण खोट्या पायावर उभे होतो, आणि तरी मागे जाऊन पाहिलं तर एकही दृश्य खोटं पडत नाही. उलट सीझन ७ चा शेवट. सान्सा आणि आर्या या बहिणी एकमेकींच्या जिवावर उठल्यात असं दाखवलं आणि मग दरबारात एकदम आरोपी लिटलफिंगर. टाळ्या पडल्या. पण भाग ६ मधलं ते दृश्य पुन्हा बघा, जिथे सान्साला आर्याच्या खोलीत माणसांच्या चेहऱ्यांचे मुखवटे सापडतात आणि आर्या कट्यार हातात घेऊन बोलते. खोलीत तिसरं कुणी नाही. नाटक करत होत्या, तर कुणासाठी? आपल्यासाठीच फक्त. आणि नाटक नव्हतं, तर त्यानंतर कधीतरी दोघींना खरं कळलं असणार, ते दृश्य मालिकेत नाही. ही कसोटी मी कुठल्याही ट्विस्टला लावते : खोलीत तिसरं कुणी नसताना पात्रं काय बोलली?

आर्या आणि तिने मारलेल्या नाइट किंगबद्दल (मृतांच्या फौजेचा निळ्या डोळ्यांचा राजा) थोडक्यात, कारण तिथे लोक पुरावा चुकीच्या पेटीत टाकतात. कट्यार एका हातातून सोडून दुसऱ्यात झेलण्याचा डाव ब्रिएन या योद्धा बाईबरोबरच्या सरावात दाखवलाय (सीझन ७, भाग ४), तो खरा आणि चोख पाया. पण पुजारीण मेलिसांद्रेचं आर्याला सांगितलेलं 'तू तपकिरी, निळे, हिरवे डोळे कायमचे मिटवशील' हे वाक्य, ते सीझन ३ चं आहे, २०१३ चं. आर्याच मारणार हे साधारण तीन वर्षं आधी ठरलं, असं मालिकाकर्त्यांनीच तो भाग आल्यावर, २०१९ मध्ये सांगितलं. म्हणजे ते वाक्य लिहिताना हा शेवट ठरलेला नव्हता. नंतर ते उचलून, रंगांचा क्रम बदलून, 'निळे' शेवटी आणून जोडलंय. जोडकाम सुबक आहे. पण त्याला 'सहा वर्षं आधी पेरलं होतं' म्हणू नका.

मालिकाकर्त्यांच्या मुलाखतींना इथवरच किंमत द्यावी : काय कधी ठरलं यासाठी. पात्राच्या मनात काय होतं याचा पुरावा फक्त पडद्यावर. डनेरिस सर्सीच्या बाजूच्या युरॉनचं आरमार 'विसरली' (सीझन ८, भाग ४) हे त्यांचं स्पष्टीकरण आठवा. त्याच भागातल्या खलबतात त्या आरमाराचा उल्लेख तिच्यासमोर झालाय. पडदा एक सांगतो आणि मुलाखत दुसरं, तेव्हा पडदा धरायचा. पुस्तकांचंही तसंच. पुस्तकातलं पात्र वेगळ्या घटनांतून गेलंय, त्याचा हेतू मालिकेतल्या पात्राला उसना देता येत नाही.

जेमीवर माझं मत बहुतेकांच्या उलट आहे. तो सर्सीकडे परत गेला हे मला पटतं. ब्रिएनला सोडताना तो स्वतःच हिशेब देतो : मुलाला खिडकीतून ढकललं, चुलतभावाला हातांनी मारलं, सगळं सर्सीसाठी. दोन्ही गोष्टी आपण पाहिल्यात. राग येतो तो पुढच्या भागातल्या एका वाक्याचा, 'लोकांची मला कधीच फारशी पर्वा नव्हती.' हा तोच माणूस, ज्याने शहर जाळायला निघालेल्या राजाच्या पाठीत तलवार घातली, आयुष्यभर राजहत्यारा म्हणवून घेतलं, आणि हमामात ब्रिएनला ते सांगताना ज्याची शुद्ध हरपली (सीझन ३, भाग ५). सर्सीकडे जायला हे वाक्य लागतच नव्हतं. 'पर्वा आहे, तरी जातोय' हे जास्त खरं आणि जास्त दुःखाचं झालं असतं.

रविवारी संध्याकाळी आपण फॅन मंडळी ठाण्यातल्या तलावपाळीला बसतोय, त्याची तयारी एवढीच करा. ज्या ट्विस्टवर बोलायचं त्यातल्या प्रत्येक पात्राची आधीची तीन दृश्यं बघा. कागदावर चार रकाने : सीझन-भाग, तोपर्यंत त्याला काय माहीत आहे, काय हवंय, प्रत्यक्षात काय केलं. संवाद नंतर, आधी कृती. 'काय माहीत आहे' हा रकाना सगळ्यात जास्त घोळ घालतो. जॉनच्या जन्माचं गुपित (गादीवर खरा हक्क त्याचा) टिरियन व्हेरिसला सांगतो तेव्हा ते आठ जणांना माहीत असतं, आणि ते आठ कोण आणि कुणी कुणाला सांगितलं हे लिहिलं की सान्साच्या हेतूवरचा अर्धा वाद तिथेच मिटतो. इंग्रजी सबटायटल चालू ठेवा, कुजबुजीत बरंच निसटतं.

या वेळचा विषय ब्रॅन, भूत-भविष्य दिसणारा आणि शेवटी राजा झालेला. सीझन ७ मध्ये 'मी कुठलाच लॉर्ड होऊ शकत नाही' म्हणणारा मुलगा शेवटच्या भागात 'मग इतक्या लांब कशाला आलो?' म्हणतो. त्याला किती आधीपासून माहीत होतं, आणि माहीत असून गप्प बसला असेल तर राजधानीतल्या त्या मुलांचं काय? नेरूळ-सीवूड्सकडून येणाऱ्यांनी सहा वाजेपर्यंत पोहोचा, नंतर कट्ट्यावर जागा मिळत नाही.