‘मिक्सर तो मिक्सर’ म्हणून रेकॉर्डिंगचा मिक्सर स्टेजवर नेऊ नका

सध्या एक सल्ला फार फिरतोय: “मिक्सर तो मिक्सर. रेकॉर्डिंगचा मिक्सर असेल तर लाइव्हसाठी वेगळा घ्यायची गरज नाही. प्रीअँप चांगले असल्यामुळे आवाज उलट जास्त स्वच्छ येतो. ऑक्स आहेत, सोलो आहे, चॅनल तर दुप्पट आहेत.” नव्याने साउंड करणारी मुलं हे वाचून थेट कार्यक्रमाला उभी राहतात, म्हणून यातला एकेक मुद्दा तपासायलाच हवा.

आधी प्रीअँप, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल वाढवणारे भाग. ते चांगले असतात, मान्य. पण भरलेल्या सभागृहात लोकांची कुजबुज आणि शेजारच्या वाद्यांचा माइकमध्ये शिरणारा आवाज इतका असतो, की प्रीअँपच्या खरखरीतला बारीक फरक त्यात बुडून जातो. लाइव्हची खरी मर्यादा म्हणजे माइकची शिट्टी. उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधी मिळणारा गेन, म्हणजे आवाज वाढवायला मिळणारी मुभा, साधारण 3 डेसिबलने (डीबी) घटते. एकाचे आठ माइक झाले की 9 डीबी गेले. तिथे महागडा प्रीअँप कामाला येत नाही. नको ते माइक झटक्यात बंद करता आले पाहिजेत, आणि त्यासाठीच लाइव्ह मिक्सरवर हाताशी म्यूट बटणं आणि मोठ्या मिक्सरवर म्यूट ग्रुप (एका बटणाने अनेक चॅनल बंद करायची सोय) असतात.

“ऑक्स आहेत ना” हा मुद्दा सगळ्यात फसवा आहे. ऑक्स म्हणजे चॅनलचा आवाज मेनखेरीज दुसरीकडे पाठवणारी वेगळी वाट. ते किती आहेत याआधी ते फेडरच्या (चॅनलचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीच्या) आधीचे म्हणजे प्री-फेडर की नंतरचे म्हणजे पोस्ट-फेडर, हे बघा. रेकॉर्डिंगच्या मिक्सरवर बरेचदा निम्म्याहून जास्त ऑक्स पोस्ट-फेडर असतात, कारण ते रिव्हर्बसाठी (आवाजाला घुमारा देण्यासाठी) दिलेले असतात. असा ऑक्स स्टेजवरच्या मॉनिटरला, म्हणजे कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरला जोडला, की काय होतं बघा. अंतऱ्यात गायिकेचा आवाज मागे पडतोय म्हणून तुम्ही तिचा फेडर थोडा वर केला. सभागृहात ती छान ऐकू आली, पण त्याच वेळी तिच्या पायाशी ठेवलेला मॉनिटरही तेवढाच वाढला आणि माइक कुईं करून ओरडला. घाबरून फेडर खाली ओढलात, तर तिला स्वतःचा आवाजच ऐकू येईना आणि सूर हलला. स्टुडिओत कलाकाराच्या कानात हेडफोन असतो, म्हणून हा प्रसंग सहसा येत नाही. स्टेजवर गायक, तबलजी, कीबोर्डवाला या प्रत्येकाला वेगळं मिश्रण लागतं, म्हणजे तेवढे प्री-फेडर ऑक्स लागतात. बऱ्याच रेकॉर्डिंग मिक्सरवर असे एक-दोनच निघतात.

सोलोचं, म्हणजे एकच चॅनल वेगळा ऐकायच्या बटणाचं, तर बोलायलाच नको. लाइव्हला लागतो पीएफएल (प्री-फेडर लिसन): बटण दाबलं की तो चॅनल फक्त ऑपरेटरच्या हेडफोनमध्ये येतो, बाहेर काहीच बदलत नाही. काही रेकॉर्डिंग मिक्सरवर मात्र सोलो-इन-प्लेस असतो. तो बाकीचे सगळे चॅनल मेन आउटमधून कापतो. स्टुडिओत एकच वाद्य त्याच्या रिव्हर्बसकट ऐकायला ही उत्तम सोय आहे. पण गाणं रंगात असताना कोरसचा एक आवाज तपासायला तेच बटण दाबलं, तर सगळ्या सभागृहात तो एकटा कोरसवाला उरतो. लोकांसमोर ते परत घेता येत नाही.

दुप्पट चॅनलची गोष्टही नीट वाचा. इनलाइन मिक्सरमध्ये एका पट्टीत दोन वाटा असतात: एक माइककडून मल्टिट्रॅक रेकॉर्डरकडे (प्रत्येक आवाज वेगळा नोंदवणाऱ्या यंत्राकडे) जाणारी, दुसरी रेकॉर्डरकडून परत येणारी. ‘32 इनपुट’ लिहिलेल्या मिक्सरवर माइक प्रीअँप 16च असू शकतात. उरलेल्या इनपुटमध्ये माइक थेट लागत नाही आणि इक्यूही (जाड-बारीक सूर कमी-जास्त करायची सोय) बहुधा पूर्ण मिळत नाही.

या सल्ल्यात लेव्हलबद्दल, म्हणजे सिग्नलच्या ताकदीबद्दल, चकार शब्द नाही. काही छोट्या रेकॉर्डिंग मिक्सरचं आउटपुट -10 डीबीव्हीचं आणि अनबॅलन्स्ड (बाहेरचा विद्युत गोंगाट सहज पकडणारं) असतं. अँप्लिफायरला +4 डीबीयू अपेक्षित असेल, तर जवळपास 12 डीबी कमी पडतात. मग अँप्लिफायर वाढवायचा आणि त्याबरोबर खरखरही. त्यात लांबलचक अनबॅलन्स्ड केबल असेल, तर हम (सतत गुणगुणणारा आवाज) आलाच.

आणि “लॅपटॉपमध्ये मिक्स करून परत स्पीकरला द्या” हा उपसल्ला तर अजिबात ऐकू नका. लॅपटॉप आवाज आधी थोडा साठवून (बफर) मग पुढे देतो. 48 किलोहर्ट्झला 256 सँपलचा बफर म्हणजे जाताना 5.3 मिलिसेकंद आणि येताना तेवढेच, कन्व्हर्टरचा वेळ वेगळा. इन-इअर (कानातला मॉनिटर) लावलेल्या गायकाला हे जाणवतं. शिवाय लॅपटॉप अडकला की कार्यक्रम गप्प.

सल्ल्यात खरं आहे ते एवढंच, की दोन-तीन माइकच्या छोट्या कार्यक्रमाला काही रेकॉर्डिंग मिक्सर व्यवस्थित चालतात. तुमचा चालेल का, हे घरीच कळतं. मॅन्युअलमधला ब्लॉक डायग्राम (सिग्नलच्या वाटेचा नकाशा) उघडा आणि ऑक्स फेडरच्या कुठल्या बाजूने निघतो ते बोटाने शोधा. मग माइक लावून चॅनलचा फेडर पूर्ण खाली करा. ऑक्सला जोडलेल्या स्पीकरमधून आवाज येत राहिला पाहिजे. त्यानंतर मेनवर गाणं चालू ठेवून दुसऱ्या चॅनलचा सोलो दाबा. गाणं थांबलं, आणि सोलो पीएफएलवर नेणारं बटण मास्टर भागात सापडलं नाही, तर तो मिक्सर रेकॉर्डिंगलाच ठेवा.