फॅनी लू हेमरची शेती बुडाली, पण बुडवली कुणी?

बायकांनी मिळून शेती करायची म्हटलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "कल्पना छान आहे हो, पण हे टिकत नाही." अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात फॅनी लू हेमरनं उभारलेल्या 'फ्रीडम फार्म कोऑपरेटिव्ह' या सहकारी शेतीबद्दलही असंच बोललं जातं. 1969 साली सुरू झाली, 1976 पर्यंत जमीन हातची गेली, विषय संपला. मला हा हिशेबच मान्य नाही.

आपल्याकडे 1972 मध्ये दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून नाव घेऊन. त्यामुळे तिकडचे मोर्चे, भाषणं, घोषणा आपल्या परिचयाच्या आहेत. तिकडच्या शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीय बायका मात्र आपल्यापर्यंत फारशा पोचल्याच नाहीत.

फॅनी लू हेमर त्यांतली एक, पुढे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढलेली. जन्म 1917 चा, वीस भावंडांतलं शेंडेफळ. आईबाप वाट्यानं कापूस करायचे. जमीन गोऱ्या मालकाची, बियाणं आणि किराणा मालकाकडूनच उधारीवर, आणि हंगाम संपल्यावर हिशेबाची वहीही मालकाचीच. आपल्याकडच्या जुन्या लोकांना यात काही समजावून सांगायला नको. सहाव्या वर्षी पोरगी कापूस वेचायला लागली. एकदा बापानं पैपै साठवून खेचरं घेतली, जरा डोकं वर निघेल असं वाटलं, तर एका गोऱ्यानं त्यांच्या खाण्यात विष कालवलं. जनावरं मेली, घर पुन्हा होतं तिथंच.

मोठेपणी तिच्याकडे मळ्यावरची हजेरी आणि कापसाच्या वजनाची नोंद आली. मालकाच्या काट्यात पाप होतं, आणि ते तिला माहीत होतं. मालक नजरेआड झाला की ती त्याचं वजन काढून आपल्याजवळचं खरं वजन लावायची, म्हणजे वेचणाऱ्याला त्याचे पैसे पुरते मिळायचे. तिच्या टीव्हीवर गाजलेल्या भाषणांपेक्षा मला हा प्रसंग जास्त आवडतो, काय करणार!

31 ऑगस्ट 1962 रोजी ती मतदार नोंदणीसाठी इंडियानोला या गावी गेली, आणि ज्या मळ्यावर 18 वर्षं राबली तिथून त्याच दिवशी तिला निघावं लागलं. पुढच्या वर्षी विनोनाच्या तुरुंगात तिला इतकं मारलं की ते दुखणं जन्मभर पुरलं. 1964 ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात तिनं दिलेली साक्ष देशभर गाजली. हा सगळा भाग तिच्या कुठल्याही चरित्रात सापडेल.

मला बोलायचंय ते भुकेबद्दल. 1962 च्याच हिवाळ्यात शेजारच्या लफ्लोर काउंटीनं (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) गरिबांना मिळणारं सरकारी धान्य बंद केलं. कृष्णवर्णीय लोक मतदार नोंदणीला जाऊ लागले होते, म्हणून. हजारो कुटुंबांच्या चुली त्या धान्यावर पेटत होत्या. त्यातच कापूस वेचायची यंत्रं आली, तणनाशकं आली, वेचणी आणि खुरपणी दोन्ही गेल्या. मालकाला आता या माणसांची गरजच उरली नव्हती. मताचा हक्क कायद्यानं 1965 मध्ये मिळाला खरा, पण घर मालकाचं आणि पीठही त्याच्याच दुकानातलं, तर मतदानाच्या दिवशी माणूस कुणाच्या तोंडाकडे बघणार?

हेमर म्हणायची की हिवाळ्यासाठी पालेभाजी आणि भेंडीच्या रश्श्याच्या चारशे बरण्या भरून ठेवल्या असतील, तर तुम्हाला कुणी दटावू शकत नाही, काय बोलायचं तेही शिकवू शकत नाही. तिच्या सगळ्या शेतीचा पाया हाच.

सुरुवात झाली डुकरांपासून. डोरोथी हाइट यांच्या नॅशनल काउन्सिल ऑफ नीग्रो विमेन या कृष्णवर्णीय बायकांच्या संघटनेनं 1968 च्या सुमारास काही माद्या आणि थोडे नर दिले. आपल्याकडे शेळी अर्धलीनं देतात ना, तसाच मामला. कुटुंबाला गाभण मादी मिळायची, व्याल्यावर तिच्या पिलांतल्या दोन माद्या 'पिग बँके'त परत करायच्या, बाकीची पिलं घरची. परत आलेल्या माद्या पुढच्या घरी. ना व्याज, ना जामीनदार. ज्या घरांत बापई माणूस नाही अशा बायकांच्या परड्यातही मटण आलं, आणि तेही कुणापुढे हात न पसरता.

मग फ्रीडम फार्मसाठी 40 एकर जमीन, आणि दोनेक वर्षांत सहाशेंवर एकर. भेंडी, रताळी, भुईमूग, शेंगा, पालेभाज्या. सभासद वर्गणी महिन्याला एक डॉलर, आणि तोही बहुतेकांना झेपत नसे. तरी भाजी सगळ्यांना. सहकारानं घरं बांधून दिली, बालवाडीला हात दिला, शिवणकामाचा उद्योगही करून पाहिला.

आता बुडण्याचं. जमिनीचे हप्ते फेडायला भाजी पुरत नाही, म्हणून उरलेल्या रानात कापूस आणि सोयाबीन घ्यावं लागलं. हप्ते भरायचे तर नगदी पीक, नगदी पीक घ्यायचं तर यंत्रं आणि खतं, त्यासाठी पुन्हा पैसा. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला यातलं पुढचं वाक्य मी सांगायला नको. त्यात 1970 नंतर हवामानानं दोन-तीन हंगाम हात दिला नाही, बाहेरच्या देणग्या आटल्या, आणि हेमर स्वतः अंथरुणाला खिळत गेली. कर थकले, जमीन गेली. मार्च 1977 मध्ये ती वारली.

पण फ्रीडम फार्म जिथं होतं त्याच सनफ्लॉवर काउंटीत गोऱ्या सिनेटर जेम्स ईस्टलँडचा हजारो एकरांचा मळा होता. साठच्या दशकाच्या अखेरीस त्या मळ्याला केंद्र सरकारकडून वर्षाला एक लाख डॉलरहून जास्त शेती अनुदान मिळत होतं. त्याला कुणी 'टिकत नाही' म्हटलं नाही. सरकारी टेकूवर उभा असलेला मळा 'यशस्वी शेती', आणि वर्गणी भरायलाही पैसे नसलेल्या बायकांची शेती 'फसलेला प्रयोग'? वा!

इथल्या बचत गटांबद्दल माझं म्हणणं यातूनच येतं. पापड-लोणच्याचं प्रशिक्षण द्या, जरूर द्या. पण सातबारावर नाव कुणाचं, हा प्रश्न त्याआधीचा आहे. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेनं तो विचारला होता. आजही त्याचं उत्तर देताना घरातले पुरुष विषय बदलतात.

राहिला प्रश्न बुडवलं कुणी. फ्रीडम फार्मबाबत कुठल्या न्यायासनानं त्याचा निवाडा दिलेला नाही. पण त्याच 1969 साली जॉर्जियात शर्ली शेरॉड आणि सहकाऱ्यांनी 'न्यू कम्युनिटीज' नावानं जवळजवळ सहा हजार एकरांवर सामूहिक शेती सुरू केली होती. दुष्काळात त्यांना सरकारी कर्ज वेळेवर मिळालं नाही आणि 1985 मध्ये त्यांचीही जमीन गेली. तिथंही लोक म्हणाले असतील, टिकलं नाही. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी कृषी खात्यावर भेदभावाचा दावा लावला आणि त्यात न्यू कम्युनिटीजला 2009 मध्ये सुमारे 1 कोटी 20 लाख डॉलर भरपाई मंजूर झाली. त्या पैशातून त्यांनी ऑल्बनीजवळ सोळाशेंवर एकरांचा एक जुना मळा विकत घेतला, जिथं एके काळी गुलाम राबत होते. आता तिथं त्यांची शेती आहे.