इटलीचा पियानो स्कार्लात्तीपाशी थांबला नाही

“इटलीने जगाला ऑपेरा दिला, पियानोत मात्र अठराव्या शतकातल्या स्कार्लात्तीनंतर शुकशुकाट. विसाव्या शतकात जे झालं ती फ्रेंचांची नक्कल. चांगलं असतं तर टिकलं नसतं का?” हे इतक्या ठिकाणी, इतक्या खात्रीने सांगितलं जातं की विसाव्या शतकातला इटालियन संगीतकार आल्फ्रेदो कासेल्ला याचं नावही कुणाच्या कानावर पडत नाही.

शुकशुकाटाचा मुद्दा लगेच निकालात निघतो. स्कार्लात्तीनंतरचा संगीतकार क्लेमेंती रोमचाच होता, आणि त्याच्या सरावाच्या रचनांवर युरोपभरच्या पियानोवादकांचे हात तयार झाले.

आता नक्कल. कासेल्ला जन्मला तोरिनोत, १८८३ साली, पण शिकला पॅरिसमध्ये, फोरे या फ्रेंच संगीतकाराकडे. फ्रेंच वळण लागलं, हे मान्यच. पण १९११ मध्ये त्याने वाग्नर, ब्राम्स, दब्युसी या संगीतकारांच्या शैलींच्या नकला उघडपणे, त्यांची नावं घालून लिहिल्या. १९१३ च्या दुसऱ्या भागात फ्रेंच संगीतकार राव्हेलनेही भर घातली. दुसऱ्याची लकब इतकी नेमकी पकडणारा माणूस नकळत त्याच लकबीत अडकून राहील, हे मला पटत नाही. १९१४ चे ‘नोव्हे पेत्सी’ (नऊ तुकडे) ऐका. पहिला तुकडा शोकाचा, दुसरा रानटी, आठवा चक्क टँगो. फ्रेंच दब्युसीच्या संगीतातलं धुकं इथे शोधून सापडणार नाही. पुढच्याच वर्षी चार हातांसाठी ‘पाजिने दी ग्वेर्रा’ (युद्धाची पानं) आलं, महायुद्धाच्या चित्रफितींवरून सुचलेलं. त्याची सुरुवातच बेल्जियममधून चाललेल्या जर्मन तोफखान्याने होते.

माझा जीव मात्र १९२० च्या अकरा बालरचनांवर आहे. त्यातला वॉल्ट्झ फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर, त्यानंतरचा कॅनन फक्त काळ्यांवर. पेटी वाजवणाऱ्याला ठाऊक असतं की काळी तीनला सा धरला तर नुसत्या काळ्या पट्ट्यांवर भूपाचे स्वर मिळतात. एवढ्याच पाच स्वरांत कासेल्ला एक ओळ सुरू करतो आणि तीच मागून दुसऱ्या आवाजात आणतो. मुलांच्या हाताला झेपेल असं, तरीही इतकं घट्ट विणलेलं लिहिणं फार थोड्यांना जमलंय.

राहिलं टिकण्याचं. कासेल्लाच्या विस्मरणात राजकारणाचा वाटा मोठा आहे. त्याचा १९३७ चा ऑपेरा इटलीने अबिसिनियावर (आजच्या इथिओपियावर) केलेल्या स्वारीचा गौरव करतो आणि मुसोलिनीला अर्पण केलेला आहे. हा डाग खरा आहे, तो कुणी पुसू नये. पण वर सांगितलेली त्याची प्रत्येक पियानोरचना मुसोलिनी १९२२ मध्ये सत्तेवर येण्याआधीची आहे. आणि ज्याने संपादित केलेल्या बेथोव्हनच्या सोनाटा इटलीतले विद्यार्थी वर्षानुवर्षं घोटत आले, त्याचे स्वतःचे तुकडे न वाजवताच ते कमअस्सल ठरवायचे?