मॅग्नेटिक कपलिंग : दोष बहुधा चुंबकाचा नसतो

मॉडेल रेल्वेच्या मालडब्यांची मॅग्नेटिक कपलिंगे, म्हणजे डबे एकमेकांना जोडणारे आणि चुंबकाच्या ओढीने सुटणारे आकडे, नीट जोडली जात नसतील किंवा ठरल्या जागी सुटत नसतील, तर चुंबकाची शक्ती उतरली आहे असे समजावे, निओडिमियमचा जोरदार चुंबक बसवावा, कपलिंगमध्ये तेलाचा थेंब सोडावा आणि तरीही डबे वाटेत सुटलेच तर त्यांचे वजन वाढवावे, असा सल्ला छंदिष्टांमध्ये हातोहात फिरतो आहे. तो पाळल्याने चांगले डबेही बिघडतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासणे आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा चुंबकाची शक्ती उतरल्याचा. केडी या अमेरिकी कंपनीच्या पद्धतीच्या कपलिंगमध्ये मुळात चुंबक नसतोच. तो रुळांच्या मधे बसवलेला असतो. कपलिंगखाली लोंबणारी वाकडी पोलादी तार, म्हणजे ट्रिप पिन, त्याच्याकडे आकर्षित होते. समोरासमोरच्या दोन पिना विरुद्ध रुळांकडे ओढल्या गेल्या की कपलिंगांचे एकमेकांत अडकलेले जबडे उघडतात. घरातल्या तापमानात कायम चुंबकाची शक्ती वर्षानुवर्षे जवळजवळ तशीच राहते. शंका असेल तर त्याच चुंबकावरून प्रत्येक डबा वेगवेगळा न्यावा. काही डबे सुटत असतील आणि एखादाच अडत असेल, तर दोष त्या डब्यात आहे. सगळेच अडत असतील, तर आधी चुंबक रुळांच्या बरोबर मधोमध आणि योग्य उंचीवर आहे का ते पाहावे.

जोरदार चुंबकाने तर नवीनच दुखणे मागे लागते. डब्याच्या चाकांचे आस पोलादी असतील तर चुंबक त्यांनाही खेचतो आणि हलका डबा आपसूक सरकतो. शिवाय जबडे उघडण्यासाठी कपलिंगांवरचा ताण क्षणभर सैल व्हावा लागतो. चुंबकावरून जाताना गाडी जराशी अडखळली आणि तो सैल झाला, तर नको तिथे डबे सुटतात.

तेलाचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. तेलावर धूळ बसते, तिचा चिकटा होतो आणि जबड्याची बारीक स्प्रिंग त्यात अडकते. काही तेले प्लास्टिकलाही अपाय करतात. इथे चालते ती फक्त कोरड्या ग्राफाइटची पूड, आणि तीही चिमूटभर. मात्र त्याआधी एक परीक्षा करावी : डबा हातात धरून कपलिंग बोटाने एका बाजूला ढकलावे आणि सोडावे. ते आपणहून मध्यावर परतले पाहिजे. परतत नसेल तर कपलिंग ज्यात बसवलेले असते ती छोटी डबी उघडून पाहावी. आतल्या कडेला साच्यातून राहिलेला प्लास्टिकचा कंगोरा, सांध्यात झिरपलेला रंग किंवा डबीला दाबून टाकणारा अति आवळलेला स्क्रू, यांपैकी काहीतरी बहुधा सापडते. कंगोरा बारीक कानशीने घासावा आणि स्क्रू किंचित सैल करावा.

वजनाच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे. अमेरिकेतील एनएमआरए या मॉडेल रेल्वे छंदिष्टांच्या संघटनेने एचओ प्रमाणाच्या (खऱ्या रेल्वेच्या 1:87 आकाराच्या) डब्यासाठी सुमारे 28 ग्रॅम आणि लांबीच्या दर इंचामागे आणखी 14 ग्रॅम असे वजन सुचवले आहे, आणि त्याहून हलका डबा खरोखरच त्रास देतो. परंतु वाटेत सुटणाऱ्या डब्यांचे खरे कारण बहुतेक वेळा उंचीतली तफावत असते. एचओ प्रमाणात कपलिंगचा मध्य रुळाच्या माथ्यापासून सुमारे 9.9 मिलिमीटर उंचीवर असावा लागतो. एक कपलिंग खाली आणि दुसरे वर असेल, तर रुळाच्या उंचवट्यावर जबडे एकमेकांतून उभे निसटतात, आणि तिथे कितीही वजन घातले तरी काही उपयोग होत नाही. उंचीच्या गेजसमोर, म्हणजे कपलिंगची योग्य उंची दाखवणाऱ्या मापासमोर, डबा उभा करून पाहावे. कपलिंग खाली असेल तर बोगी (डब्याखालचा चाकांचा गाडा) आणि डब्याचा तळ यांच्यामध्ये पातळ वॉशर घालावा. वॉशर घातल्यावर ट्रिप पिनही वर उचलली जाते, म्हणून तिचे अंतर पुन्हा तपासणे भाग असते. पिनचे टोक रुळाच्या माथ्याच्या सुमारे 0.8 मिलिमीटर वर राहिले पाहिजे. ती खाली असेल तर सांध्यांवर अडकून डबा घसरतो, आणि फार वर असेल तर चुंबकाची ओढ तिच्यापर्यंत पुरेशी पोहोचत नाही. पिन वाकवताना कपलिंग पकडीने घट्ट धरावे, नाहीतर जोर थेट जबड्यावर येतो.