घरच्या लॅनवर गेम खेळला की थेट तुरुंग?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतल्या पोरांनी क्लबहाउसमध्ये चार पीसी आणि दोन लॅपटॉप एका नेटवर्क स्विचला जोडून लॅन, म्हणजे आपसातलं छोटं नेटवर्क, लावायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. आधी कुठकुठे फिरून आलाय हे त्याच्या डोक्यावरच्या दोन बाणांवरून कळत होतं. मजकूर साधारण असा:

‘पालकांनो, सावधान! गेमचं लायसन्स एका मशीनपुरतंच असतं, हा नियम पहिल्यापासून सगळ्या गेमना आहे. घरच्या नेटवर्कवर तोच गेम दुसऱ्या मशीनवर टाकून खेळणं गुन्हा आहे, तीन वर्षं कैद आणि दोन लाख दंड. आय ॲग्री दाबलंत की तुमचे हक्क संपले. या कायद्यामुळेच कंपन्यांनी गेममधून लॅन काढून टाकलं. कायदेशीर मार्ग एकच: स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) फॅमिली उघडा, एक गेम विकत घ्या आणि सहा जण एकत्र खेळा.’

त्याखाली अकरा जणांचे हात जोडलेले आणि एका काकांचं ‘खूप उपयुक्त माहिती’. म्हणून हे लिहायला बसलो. मेसेज लिहिणाऱ्याने सगळा राग लॅनवर काढलाय, आणि लॅनचा यात फारसा दोषच नाही. दोन मशीनमध्ये केबल टाकायला कुणाचंच लायसन्स आड येत नाही. प्रश्न असतो तो प्रती किती, एका वेळी खेळणारे किती याचा, आणि त्याचं उत्तर दर गेमला वेगळं असतं.

‘एका मशीनपुरतंच, पहिल्यापासून, सगळ्या गेमना’

हे वाचून मला हसू आलं, कारण माझं अख्खं बालपण याच्या उलट गेलंय.

२००१ चा मे महिना, सांगली. माझ्याकडे स्टारक्राफ्ट या लढाईच्या गेमची सीडी होती, मावसभावाकडे पीसी होता पण सीडी नव्हती. त्याचा सीपीयू चादरीत गुंडाळून, मांडीवर धरून, मामाच्या एम-८० वरून आमच्याकडे आणला. बाजारातून क्रॉसओव्हर केबल करून घेतली, म्हणजे एका टोकाला एक आणि तीन, दोन आणि सहा या तारांची अदलाबदल. विंडोज ९८ मध्ये आयपीएक्स प्रोटोकॉल, म्हणजे मशीननी एकमेकांशी बोलायची एक पद्धत, टाकला, त्याने विंडोजची सीडी मागितली, ती शेजाऱ्यांकडून आणली, मशीन रीस्टार्ट केलं. मग त्याच्या पीसीत माझी स्टारक्राफ्टची सीडी घातली. इन्स्टॉलरमध्येच ‘स्पॉन’ नावाचा वेगळा पर्याय होता. तो कुणा हॅकरने घुसडलेला नव्हता, गेम बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने १९९८ मध्ये स्वतः दिला होता. एक सीडी विकत घ्या, बाकीच्यांच्या मशीनवर स्पॉन प्रत टाका, आठ जणांपर्यंत लॅनवर खेळा. अट एवढीच की स्पॉन प्रतीवर फक्त मल्टिप्लेअर, म्हणजे इतरांसोबत खेळणं, चालायचं. रात्री मी झोपल्यावर भावाला एकट्याने कॅम्पेन खेळायचं होतं, ते त्याला जमेना, आणि सकाळी चहाला त्याचं तोंड उतरलेलं. लायसन्सची मर्यादा म्हणजे काय, हे आम्हाला कुठलाही करार न वाचता तिथे कळलं.

आणि हे एकट्या स्टारक्राफ्टचं नव्हतं. १९९५ च्या कमांड अँड काँकरच्या खोक्यात दोन सीड्या यायच्या, गेममधल्या दोन पक्षांच्या: एक जीडीआयची, एक नॉडची. एक तुमच्या मशीनमध्ये, दुसरी मित्राच्या, आणि एकाच खोक्यावर दोघांची लढाई. पुढच्या वर्षी रेड अलर्टमध्येही तसंच, अलाइड आणि सोव्हिएत. ब्लिझार्डच्याच डायब्लोमध्येही स्पॉन होता, पण कंजूस: त्यात फक्त योद्धा घेऊन खेळता यायचं आणि तळघराच्या वरच्या थोड्याच मजल्यांवर. त्याच्याही आधी, १९९३ मध्ये, डूमचा पहिला भाग शेअरवेअर म्हणून कुणीही कुणालाही कॉपी करून द्यावा अशीच योजना होती, आणि त्यावर चार जणांना नेटवर्कवर एकमेकांना गोळ्या घालता यायच्या. ऑफिसांची आणि विद्यापीठांची नेटवर्कं त्याने इतकी तुंबली की कित्येक ठिकाणी डूमवर बंदी आली. ती बंदी नेटवर्क सांभाळणाऱ्यांची होती. लायसन्सने अडवलं नव्हतं.

कंपन्या हे दानधर्म म्हणून करत नव्हत्या, हेही खरं. स्पॉनवर चटक लागलेला चौथा गडी पुढच्या महिन्यात स्वतःची सीडी घेईल हा हिशोब होता. आमच्या बाबतीत तो बरोबर ठरला. भावाने गणपतीत मिळालेल्या पैशातून सीडी घेतली.

मात्र ब्लिझार्डच्याच २००० च्या डायब्लो २ मध्ये स्पॉनची सोय नव्हती. म्हणजे एकाच घरचे दोन गेम आणि दोन नियम. म्हणून ‘सगळ्या गेमना’ हे शब्द खोटे. ‘पहिल्यापासून’ तर त्याहून.

‘तीन वर्षं कैद, दोन लाख दंड’

आकडे हवेतून आलेले नाहीत, हे आधी मान्य करतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६३ब आहे: किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. मेसेजवाल्याने फक्त वरची टोकं उचलली आणि कलमातले शब्द मागे ठेवले. ते कलम लागतं कॉपीराइटचा भंग करून बनवलेली प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरली तर. आणि त्याच कलमात पुढे म्हटलंय की वापर धंद्यातल्या फायद्यासाठी नसेल, तर न्यायालय कारणं नोंदवून कैद देणं टाळू शकतं आणि ५० हजारांपर्यंतच्या दंडावर थांबू शकतं.

आता खरा प्रश्न: तुमच्या दुसऱ्या मशीनवरची प्रत ‘भंग करून बनवलेली’ आहे का? इथे कलम ५२ बघावं लागतं. कशाला भंग म्हणायचं नाही याची ती यादी आहे. त्यात ‘एडी’ नावाचा एक खंड आहे. त्याचा अर्थ सरळ आहे: स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून अव्यावसायिक, वैयक्तिक वापरासाठी संगणक प्रोग्रामची प्रत केली तर तो भंग नाही. बॅकअपची मुभा वेगळी, त्याच यादीतल्या दुसऱ्या खंडात.

म्हणजे हॉलमधल्या पीसीवर घेतलेला गेम तुम्ही बेडरूममधल्या लॅपटॉपवरही टाकलात, तर कॉपीराइट कायदा तुमच्या दाराशी यायचं कारण नाही. पण ‘वैयक्तिक’ हा शब्द किती ताणायचा? घरातल्या दोन भावंडांपर्यंत मी बिनधास्त ताणीन. इमारतीतली सहा पोरं एका प्रतीवरून एकाच वेळी खेळताहेत, तिथे मी पैज लावणार नाही.

आणि जिथे घाबरायला हवं तिथे मेसेज गप्प आहे. पोरं ज्याला ‘लॅन व्हर्जन’ म्हणतात आणि पेनड्राइव्हवर फिरवतात, ते बऱ्याचदा क्रॅक केलेलं, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप तोडलेलं, असतं. २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम ६५अ आलं. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने कॉपीला घातलेलं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्या पेनड्राइव्हमधून आणखी काय मशीनमध्ये शिरतं, ते फॉरमॅट मारायला बसलेल्या बापाला विचारा.

दुसरं, पोरांनी क्लबहाउसच्या दारावर चिठ्ठी लावली होती: ‘प्रवेश ५० रुपये, विजेत्याला बक्षीस’. मेसेज पाठवणाऱ्यांच्या नजरेतून नेमकं हेच सुटलं. वर सांगितलेली सगळी सूट अव्यावसायिक वापराला आहे. जवळपास प्रत्येक गेमच्या लायसन्समध्ये पैसे घेऊन खेळवायला मनाई असते. म्हणून तर स्टीमची सायबर कॅफेंसाठी वेगळी योजना आहे.

‘आय ॲग्री दाबलंत की हक्क संपले’

इथे दोन गोष्टींची खिचडी झालीय. करार मोडणं वेगळं, कॉपीराइटचा भंग वेगळा. भाडेकराराविरुद्ध घरात मांजर पाळलं तर मालक घर खाली करायला सांगेल, पण तुमच्यावर घरफोडीचा गुन्हा लागत नाही.

अमेरिकेत हाच वाद कोर्टात रंगला. ब्लिझार्डचा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम आपोआप खेळणारा ग्लायडर नावाचा बॉट एक कंपनी विकत होती. ब्लिझार्डच्या अटींत बॉटला मनाई. तेव्हा अट मोडणारा प्रत्येक खेळाडू कॉपीराइटही मोडतो असं ब्लिझार्डचं म्हणणं होतं. डिसेंबर २०१० मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या (न्यायविभागाच्या) अपील न्यायालयाने ते मानलं नाही. बॉट न वापरण्याची अट हा करारातला शब्द आहे, तो मोडला की आपोआप कॉपीराइट मोडत नाही. ग्लायडरवाले तरीही पूर्ण सुटले नाहीत, बॉट पकडणाऱ्या यंत्रणेला चकवल्याबद्दल अडकलेच.

मेसेजच्या बाजूने बोलायचं तर एक खटला मीच पुढे करतो. बीनेटडी नावाचा सर्व्हर काही हौशी लोकांनी स्वतः लिहिला होता. ब्लिझार्डच्या बॅटलनेट या ऑनलाइन सेवेऐवजी आपल्याच सर्व्हरवर स्टारक्राफ्ट वगैरे खेळता यावं म्हणून. त्याला ‘सीडी की’, म्हणजे सीडीसोबत येणारा क्रमांक, खरा की खोटा हे तपासता येत नव्हतं. २००५ मध्ये आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल ब्लिझार्डच्या बाजूने दिला: रिव्हर्स इंजिनिअरिंग, म्हणजे गेम उलगडून तो आतून कसा चालतो ते शोधणं, करणार नाही हे तुम्ही ‘आय ॲग्री’ दाबून कबूल केलंय, आता मागे फिरता येणार नाही. म्हणजे बटणाला वजन आहे. पण ते लोक जगाला उघडा सर्व्हर चालवत होते. दोन भाऊ स्विचला केबल लावून बसले होते असं नव्हे. आणि दोन्ही निकाल अमेरिकेतले. सांगलीच्या कोर्टावर ते बंधनकारक नाहीत.

‘कायद्यामुळे लॅन गेलं’

कुठल्या कायद्यामुळे, हे मेसेज सांगत नाही, कारण तसा कायदाच नाही.

ज्या प्रकरणावरून हा समज पसरला असावा ते स्टारक्राफ्ट २ चं. २००९ मध्ये ब्लिझार्डने सांगितलं की यात लॅन नसेल, आणि जुलै २०१० मध्ये गेम आला तेव्हा खरंच नव्हतं. कारणं कंपनीचीच: पायरसी रोखायची, आणि सगळ्यांना बॅटलनेटवर आणायचं. चाहत्यांनी याचिका केल्या, उपयोग शून्य. परिणाम असा की एकाच हॉलमध्ये शेजारी बसलेले दोन व्यावसायिक खेळाडूही बॅटलनेटमार्गेच खेळायचे, आणि स्पर्धेच्या ऐन रंगात नेट गेलं की सामना लोंबकळायचा. हा धंद्याचा निर्णय होता. ज्यांना लॅन ठेवायचं होतं त्यांनी ठेवलं. माइनक्राफ्टमध्ये ‘ओपन टू लॅन’ आजही आहे, फॅक्टोरिओ आणि टेरारियामध्ये आहे, २०२३ च्या बॉल्डर्स गेट ३ मध्येही आहे.

‘एक गेम घ्या, सहा जण एकत्र खेळा’

सगळ्या मेसेजमधला हा सल्ला सर्वांत महागात पडणारा, कारण हे वाचून कुणी खरंच पैसे घालवील.

स्टीम फॅमिलीज सप्टेंबर २०२४ मध्ये सगळ्यांना खुलं झालं. कुटुंबात सहा जण घेता येतात, आणि एकमेकांच्या लायब्ररीतले गेम खेळता येतात. आधीच्या पद्धतीत एकाने लायब्ररी उघडली की दुसऱ्याला अख्खीच बंद व्हायची, तो त्रास गेला. आता तुम्ही एक गेम खेळा, मुलगी तुमच्या लायब्ररीतला दुसरा खेळेल. पण *तोच* गेम दोघांना एकाच वेळी हवा असेल तर कुटुंबात त्याच्या दोन प्रती लागतात. सहा जणांना सहा. म्हणजे लॅनवरच्या सामन्यासाठी ही सोय जवळजवळ निरुपयोगी.

शिवाय काही कंपन्या आपला गेम या वाटपातून वगळतात. तुमच्या प्रतीवर खेळताना पोराने चीट केलं आणि त्याला बंदी आली, तर ती तुमच्याही माथी येते. सहावी जागा भरायला शेजारच्या पोराला घ्यायचा विचार असेल तर थांबा. सोय एका घरात राहणाऱ्यांसाठी आहे, आणि रिकामी झालेली जागा वर्षभर अडकून राहते.

एका प्रतीवर दोघांनी खेळायचं असेल तर तसे गेम शोधावे लागतात. इट टेक्स टू मध्ये फ्रेंड्स पास आहे, एकाने विकत घेतला की जोडीदार फुकट. आणि अख्खी टोळी फुकट बसवायची असेल तर मूळ स्टारक्राफ्ट ब्लिझार्डने २०१७ मध्ये मोफत करून टाकलाय. ओपनटीटीडी आणि झीरो एडी तर मुक्त लायसन्सचेच, हव्या तितक्या मशीनवर टाका. डूमबाबत मात्र एक गफलत नेहमी होते: त्याचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा प्रोग्राम, मुक्त झालंय, पूर्ण गेमचे नकाशे आणि चित्रं नाहीत.

हे सगळं मी पोरांना शनिवारी दुपारी क्लबहाउसमध्ये, स्विच जोडता जोडता सांगितलं. ‘प्रवेश ५०’ची चिठ्ठी त्यांनी काढली आणि समोशांची वर्गणी घेतली. सहाही मशीनवर स्टारक्राफ्ट चढवला. सातच्या सुमारास दोघा जुळ्यांनी माइनक्राफ्ट उघडलं, एकाच अकाउंटवर. धाकटा आत शिरला आणि त्याच क्षणी थोरला बाहेर फेकला गेला. स्क्रीनवर इंग्रजीत ओळ: तुम्ही दुसऱ्या ठिकाणाहून लॉग इन केलंय. थोरल्याने परत लॉग इन केलं, धाकटा बाहेर. असं चार वेळा झाल्यावर त्यांची आई वर आली आणि तिने स्विचचा प्लगच काढला.