गादीचा डाग पाठीला लागत नाही

2025 च्या फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी, न्यू जर्सीत आमचा सकाळचा चहा चालला होता, तेव्हा दादाचा व्हिडिओ आला. अहिल्यानगरचं महाराष्ट्र केसरीचं मैदान. गादी विभागातली शेवटची कुस्ती, शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. पंचांनी मोहोळला चीतपट विजयी दिलं आणि दोन वेळचा महाराष्ट्र केसरी राक्षे उसळला. पाठ टेकलीच नाही, रिप्ले दाखवा. मग पंचांची कॉलर धरली, मग लाथ. त्याच संध्याकाळी गादी आणि माती या दोन विभागांच्या विजेत्यांतल्या अंतिम कुस्तीत माती विभागाचा महेंद्र गायकवाड गुणावरून वाद घालून, वेळ संपायच्या आतच गादीवरून निघून गेला. 67 व्या स्पर्धेची गदा मोहोळच्या खांद्यावर गेली, राक्षे आणि गायकवाडवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. पुढे समित्या, चौकशा, टीव्हीवरचे वाद.

व्हिडिओखाली दादाने लिहिलं होतं, “तुमच्या अमेरिकेत असलं काय होत नसंल.”

त्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. एक तर रविवार होता, आणि आदल्या दिवशी मी स्वतः एका हायस्कूलच्या जिममध्ये उभी राहून पंचांवर मराठीत ओरडून आले होते.

माझं माहेर सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. अण्णा तालमीत वाढलेले. सायकलवरून कोल्हापूरला खासबागेत जाऊन मोठ्या कुस्त्या बघायचे आणि घरी येऊन जेवणाच्या ताटावर हाताने डाव दाखवायचे. मला ढाक, कलाजंग, घिस्सा हे शब्द पाढ्यांच्या आधी येत होते. पण जत्रेचं मैदान मी एकदाही पाहिलं नाही. हलगी ऐकू यायची, आरोळी उठली की कुस्ती झाली हे कळायचं, एवढंच. बायकांनी मैदानात जायची पद्धत नव्हती. 2023 साली त्याच सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी भरली आणि प्रतीक्षा बागडीने ती जिंकली, तेव्हा मी इकडे मुलाचे मोजे धूत होते. आयुष्यातली पहिली कुस्ती मी समोर बसून पाहिली ती चाळिशी उलटल्यावर, लाकडी बाकांवर, हातात कागदी कपातली पातळ कॉफी घेऊन, कारण माझ्या मुलाने नववीत बास्केटबॉल सोडून ‘रेसलिंग’चं नाव दिलं.

तो 126 पौंडांत खेळतो, म्हणजे साधारण सत्तावन्न किलो. इथली शाळेतली कुस्ती ही ऑलिंपिकमधली फ्रीस्टाइल नव्हे. तिला फोकस्टाइल म्हणतात. खाली गेलेल्याने उठून सुटायचं, वरच्याने त्याला दाबून ठेवायचं, या ताब्यावर सगळा खेळ. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. कानावर हेडगिअर सक्तीचं. (अण्णांचे दोन्ही कान मोडलेले होते आणि त्यांचा त्यांना केवढा अभिमान! नातवाचे कान बघून ते म्हणाले असते, हा कसला पैलवान.) बहुतेक लढतींना एकच पंच. पट्ट्यांचा शर्ट, एका मनगटाला लाल पट्टी, एकाला हिरवी. ज्याचा गुण त्या रंगाचा हात वर.

आणि चीतपट करायला दोन सेकंद लागतात. दोन्ही खांदे गादीवर पूर्ण दोन सेकंद टेकलेले राहिले पाहिजेत. कॉलेजात गेलं की एक सेकंद. आपल्याकडे गादीवर चालतात ते आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइलचे नियम, तिथे मोजणीच नाही. खांदे टेकलेले पंचांनी पाहिले की झालं. म्हणजे अहिल्यानगरला जो क्षण वादात सापडला तो डोळ्याच्या पापणीएवढा. इथे पंच आडवा झोपून, गालाला गादी लावून मनात मोजतो. हे कळल्यावर मला वाटलं होतं, वा, दोन सेकंद म्हणजे वादाला जागाच नाही. पण दोन सेकंद कोणाचे? माझे तर फार लांब असतात.

त्या शनिवारी माझा मुलगा उपांत्य फेरीत दोन गुणांनी पुढे होता. समोरच्याने त्याला उलटवलं, पूल करून, म्हणजे डोकं-टाचांवर पाठ उचलून, तो वाचत होता, आणि मी मनात ‘एक’ म्हणतेय तोवर पंचांनी गादीवर थाप मारली. मी उभी राहिले. “अहो, टेकले कुठे! डोळे आहेत का?” आजूबाजूच्यांना भाषा कळली नाही, अर्थ सगळ्यांना कळला. नवऱ्याने माझा कोट ओढला. संध्याकाळी मी फोनवरचं चित्रीकरण दहादा पाहिलं. त्यात पंचांची पाठ अगदी स्पष्ट दिसते. मुलाची दिसत नाही.

तेव्हापासून मला अण्णांच्या मातीतल्या कुस्तीबद्दल एक गोष्ट नव्याने कळली आहे. तिथे गुण नव्हते. पाठीला माती लागली की हरला, आणि घामाने भिजलेल्या पाठीला लागलेली तांबडी माती मैदानातल्या शेवटच्या माणसालाही दिसायची. पंच निकाल द्यायचा, पण पुरावा पैलवानाच्या अंगावर असायचा. भांडणं तेव्हाही होत, बरोबरीत सोडवलेल्या कुस्तीवरून तर गावं रुसत. पण टेकली की नाही यावर वाद घालायला तोंड फार मोठं लागायचं. गादीने तो पुरावाच पुसला. तिचा डाग पाठीला लागत नाही. वर गुणांचा हिशोब आला, आणि पंच साक्षीदार होता तो अर्थ लावणारा झाला. 2023 च्या जानेवारीत पुण्याच्या स्पर्धेत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाडच्या कुस्तीत बाहेरची टांग या डावाला चार गुण द्यायचे की नाही यावर महाराष्ट्र आठवडाभर भांडला, आणि पंचांना धमकीचे फोन गेले. ती कुस्ती माती विभागातली होती हे खरं. मातीवरही आता गुणच मोजतात.

मग दादाचा प्रश्न. इथे असलं होत नाही का?

अहिल्यानगरनंतर तीन आठवड्यांच्या आत आमच्याच राज्यात, एका डिस्ट्रिक्ट स्पर्धेत, प्रेक्षकांच्या बाकांवर मारामारी झाली. तीन वेळा राज्य विजेता ठरलेल्या एका मुलाचं त्यात नाव आलं आणि संघटनेने त्याला पुढच्या फेऱ्यांसाठी अपात्र ठरवलं. कुटुंब कोर्टात गेलं. न्यायाधीशांनी खेळू द्या म्हणून सांगितलं. मार्चमध्ये अटलांटिक सिटीत तो चौथ्यांदा राज्य विजेता झाला, टाळ्यांबरोबर हुर्यो ऐकत. आमच्या जिममधले बाप लोक त्यावर अजून दोन गटांत बसतात. त्याआधीचं, डिसेंबर 2018 मधलं प्रकरण तर देशभर गाजलं. दक्षिण न्यू जर्सीत एका पंचाने एका कृष्णवर्णीय मुलाला सांगितलं, केसांच्या जटा काप नाहीतर कुस्ती सोड. गादीच्या कडेला कात्रीने केस कापले, मुलगा जादा वेळेत जिंकला, आणि जिंकून हात वर झाला तेव्हा त्याचा चेहरा कसा होता ते ज्यांनी पाहिलं ते विसरलेले नाहीत. त्या पंचाला दोन हंगाम बाजूला ठेवण्यात आलं. पुढे केसांच्या लांबीचा नियमच राष्ट्रीय नियमपुस्तकातून गेला. तेव्हा पंच चुकतात, आडमुठेपणा करतात, आणि चूक कधी नुसत्या डोळ्याची नसते, हे इथेही आहे.

आणि प्रेक्षक? हायस्कूल खेळांच्या राष्ट्रीय महासंघाच्याच अंदाजानुसार 2018-19 ते 2021-22 या काळात सगळ्या खेळांचे मिळून सुमारे 50,000 पंच काम सोडून गेले. कोरोना हे एक कारण, पण माझ्यासारख्या आया आणि त्यांचे नवरे हे त्याहून जुनं कारण. आता प्रवेशदारावर पाट्या असतात, ‘पंचही माणूस आहे’ अशा अर्थाच्या. वाचून आत जायचं आणि ओरडायचं.

फरक मला दिसला तो रागाला दिलेल्या वाटेत. मी ओरडत होते तेव्हा आमचे कोच खुर्चीवरून उठले, गुणलेखकाच्या टेबलापाशी गेले आणि पंचांना बोलावलं. तिथे त्यांना एकच गोष्ट विचारता येते. नियम चुकीचा लावला का? खांदे टेकले की नाही, ही पंचांची नजर. तिच्यावर वाद नाही. तरी रेटलं तर कोचला ताकीद, पुढच्या वेळी संघाचा गुण जातो, त्यापुढे दोन गुण आणि बाहेरचा रस्ता. कुस्ती संपल्यावर मुलाने हेडगिअर आपटलं तरी संघाचा गुण जातो. म्हणजे राग एकाचा, दंड सगळ्यांना, आणि बसमध्ये परत त्याच सगळ्यांबरोबर बसायचं असतं. कोच अर्ध्या मिनिटात परत आले. मुलाने समोरच्याशी हात मिळवला, त्याच्या कोचशी मिळवला, पाणी प्यायला. मला ते बघून आधी कौतुक वाटलं आणि नंतर थोडी भीतीही वाटली. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना एवढं गिळायला शिकवायचं, ते कात्री लावणाऱ्या पंचापुढेही गिळतात. त्या मुलाचे केस कापले त्या दिवशी तिथल्या मोठ्यांपैकी कोणीतरी उठून ‘नाही’ म्हणायला हवं होतं.

पळवापळवीबद्दल तर आपण एकमेकांना काही बोलायलाच नको. इथे बारमाही भांडण सरकारी शाळा विरुद्ध खाजगी. सरकारी शाळेने गावातलीच पोरं घ्यायची, खाजगीने कुठूनही, आणि न्यू जर्सीत वैयक्तिक स्पर्धेला सगळे एकाच कुंडलीत, म्हणजे लढतींच्या एकाच तक्त्यात. ‘त्यांनी पोरगं पळवलं’ हे वाक्य मी दर शनिवारी ऐकते. पण राजगुरुनगरकडचा राक्षे नांदेडकडून उतरतो आणि सोलापूरकडच्या मोहोळ गावचा सिकंदर शेख वाशिमकडून, तेव्हा आपण जिल्ह्याच्या नावाने आरोळी ठोकतोच की.

माझ्या मते खरी गाठ आहे ती एका कुस्तीवर किती ओझं टाकायचं यात. महाराष्ट्र केसरीत एकदा हरलं की गदेकडे जाणारा रस्ता बंद. त्या गदेला काय काय लटकलेलं आहे? गाडी, मानधन, पुढच्या वर्षभरातल्या मैदानांचं इनाम. विजय चौधरीने तीनदा गदा मारली आणि तो पोलीस उपअधीक्षक झाला, हे प्रत्येक तालमीतल्या पोराला पाठ आहे. घरच्यांनी शेती गहाण टाकून खुराक पुरवलेला असतो. वीस वर्षं एका पापणीच्या क्षणावर ठेवली की पंच कितीही चांगला असो, कॉलर धरली जाणार. मी लाथेची बाजू घेत नाही. पंचावर उचललेला पाय तिथेच थांबवला पाहिजे, तीन वर्षं कमी म्हणणाऱ्यांतली मी आहे. पण रिप्लेच्या पडद्याने हे सुटेल असं ज्यांना वाटतं त्यांनी माझं चित्रीकरण बघावं.

इथे मुलगा हरला आणि तासाभराने पुन्हा उभा राहिला. बहुतेक स्पर्धांत एकदा हरलेला खालच्या कुंडलीत जातो, तिथे जिंकत राहिला तर तिसरा येऊ शकतो. त्याला ‘रेसलबॅक’ म्हणतात. अटलांटिक सिटीत आठव्या क्रमांकापर्यंत मंचावर उभं करतात. ओझं इथेही आहे. कॉलेजच्या वरच्या श्रेणीत वर्षानुवर्षं एका अख्ख्या संघाला मिळून 9.9 शिष्यवृत्त्या होत्या, त्यामुळे आईबाप हिशोब करतातच. पण कॉलेजवाले मुलाचा पूर्ण हंगाम बघतात, आणि वाईट निकालानंतर तो कसा खेळला तेही बघतात.

तर मुलाची तिसऱ्या क्रमांकाची कुस्ती संध्याकाळी सहाला लागली. बाकं निम्मी रिकामी, कॉफी संपलेली. पंच तेच, सकाळचे. मी कोट घट्ट धरून बसले. दुसऱ्या फेरीत मुलगा वर होता, समोरच्याचे खांदे टेकत आले, पंच झोपले, आणि मला वाटलं झाले की दोन सेकंद, थाप का मारत नाहीत! नवरा माझ्याकडे बघत होता. कुस्ती शेवटी गुणांवर सुटली, मुलगा एका गुणाने हरला आणि चौथा आला.

हे सगळं मी परवा दादाला फोनवर सांगितलं. म्हटलं, दोन्ही विभागांत हरलेल्यांची खालची कुंडली ठेवा, तिसऱ्या-चौथ्याला नीट मान द्या, नीट इनाम द्या, मग बघा पंचांच्या कॉलरी किती दिवस शाबूत राहतात.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ते सगळं खरं गं. पण गदेची कुस्ती झाल्यावर तिसऱ्या नंबरची बघायला थांबतंय कोण? आमचा टेम्पो सुटलेला असतोय.”

मी म्हटलं, आधी लावा मग.

“आधी लावली तर,” दादा म्हणाला, “गदेच्या कुस्तीला पुढाऱ्यांची भाषणं ऐकायला वेळ कुठनं आणायचा?”