बटण स्वस्त, स्क्रीन महाग? हा हिशोबच चुकीचा आहे

“गाडीतलं बटण म्हणजे प्लास्टिकचा तुकडा आणि टचस्क्रीन म्हणजे महागडी वस्तू. मग खर्च वाचवायला बटणं काढली, ही थाप आहे,” असा दावा सगळीकडे फिरतो आहे. तो टिकत नाही.

“बटण म्हणजे प्लास्टिकचा तुकडा.” बोट टेकतं त्या वरच्या टोपीसाठी पोलादी साचा लागतो. अर्धपारदर्शक प्लास्टिकवर रंग देऊन चिन्हापुरता तो लेसरने काढावा लागतो. खाली रबराचा घुमट, सर्किट बोर्ड, रात्रीसाठी एलईडी, कनेक्टर, वायर. शेजारच्या दोन बटणांचा उजेड कमीजास्त दिसला, तर पॅनेल तपासणीतच नापास. सीट गरम करण्याची सोय नसलेल्या मॉडेलमध्ये त्या जागी डमी झाकण बसवावं लागतं, म्हणजे आणखी एक साचा आणि आणखी एक पार्ट नंबर. साच्याचा खर्च लाखो गाड्यांवर वाटला गेला तर बटण खरोखर स्वस्त पडतं. काही हजार गाड्यांवर मुळीच नाही.

“स्क्रीन महाग.” आहेच, पण ती बटणांच्या बदल्यात आलेली नाही. अमेरिकेत मे 2018 पासून नव्या हलक्या वाहनांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, आणि त्याचं चित्र दाखवायला पडदा लागतोच. तो एकदा बसला की तुलना उरते पुढच्या एका बटणाची आणि पुढच्या एका आयकॉनची. आयकॉनला ना साचा लागतो, ना वायर.

“म्हणजे स्क्रीनवर सगळं फुकट,” हे उलट टोकही चूक. खर्च सॉफ्टवेअर, चाचण्या आणि मेमरीकडे सरकतो. 2021 मध्ये टेस्लाने सुमारे 1,35,000 मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्या परत बोलावल्या, कारण स्क्रीन चालवणाऱ्या संगणकातली 8 जीबीची फ्लॅश मेमरी सतत लिहून-पुसून झिजत होती. ती संपली की मागच्या कॅमेऱ्याचं चित्र आणि काच साफ करणाऱ्या डीफ्रॉस्टचं नियंत्रण एकदमच जायचं. बटण बिघडलं तर बहुधा एकच काम अडतं. बहुधा, कारण वायर वाचवायला अनेक बटणं वेगवेगळ्या रेझिस्टरसह (विजेला रोध करणाऱ्या भागासह) एकाच तारेवर जोडतात आणि कोणतं बटण दाबलं हे रोधावरून ओळखतात. संपर्क काळवंडून रोध वाढला की आवाज वाढवायचं बटण दाबावं आणि चॅनेल बदलावं, असंही होतं.

“बटणं परत आणली तर गाडी महागेल.” युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासून तारे देणाऱ्या युरो एनकॅपच्या 2026 च्या निकषांत इंडिकेटर, हॅझर्ड, वायपर, हॉर्न आणि एसओएस (मदतीचा कॉल) यांना स्क्रीनबाहेरचं स्वतंत्र नियंत्रण हवं आहे. यांतले इंडिकेटर आणि वायपर बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगच्या दांड्यांवर आहेतच. त्यांच्यासाठी नवा साचा लागत नाही.